सतरा नंबरचा तपासनीस

लक्ष्मीकांत शितूत यांनी आयुष्यात दोन नोकऱ्या मनापासून केल्या, आणि दुसरी मनापासून केली हीच त्यांची चूक झाली. काही नोकऱ्या अंग चोरूनच कराव्या अशा असतात. पण हे शितूतांना कुणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी त्यांना पटलं नसतं.

पहिली नोकरी मिलमधली. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेला मुलगा एकोणीसशे एकाहत्तर साली इंदूरच्या एका कापड गिरणीत तपासनीस म्हणून लागला, तेव्हा घरात पेढे वाटले गेले. फोल्डिंग खात्यात तिरप्या टेबलावरून कापड सरकत यायचं, वर दिवे, आणि पुढे शितूत उभे. तुटलेला धागा, तेलाचा डाग, रंगाचा पट्टा. दोष दिसला की त्या जागी काठाला लाल दोरा बांधायचा. दोष लपवायचा नाही, घेणाऱ्याला तो दिसला पाहिजे. मग घ्यायचं की नाही ते त्याचं त्यानं ठरवावं, असा रिवाज. थान, म्हणजे कापडाचा ताका, पास झालं की शेवटच्या वारावर तपासनिसाचा नंबर उमटवायचा. शितूतांचा नंबर सतरा.

खात्याचे प्रमुख प्रतापराव बुळे एकदा सगळ्यांदेखत म्हणाले होते, "कानपूरचे व्यापारी सतरा नंबरचं थान मागून घेतात." खरंखोटं प्रतापरावांनाच ठाऊक, चहाच्या वेळी माणसं बोलतात असं काहीबाही. पण शितूतांनी ते वाक्य जन्मभर जपलं. बायको सरला कधीमधी चिडवायची, "कानपूरहून कुणी आलं नाही वाटतं आज?" त्यावरही ते रागावत नसत.

मिल एका दिवसात बंद पडली नाही. आधी तिसरी पाळी गेली, मग दुसरी, मग पगार महिनामहिना लांबायला लागले, आणि एक दिवस फाटकावर कागद चिकटला. वर्तमानपत्रं लिहीत होती की नव्या आर्थिक धोरणानं देश मोकळा झाला. शितूत बेचाळिसाव्या वर्षी पुरते मोकळे झाले. मिलकडचं येणं कोर्टात अडकलं ते अडकलंच. त्यांनी क्लॉथ मार्केटातल्या एका गादीवर हिशेब लिहिले, पोरांच्या शिकवण्या घेतल्या, आणि एकुलत्या एका मुलीला, मंजुषाला, एम.एस्सी. पर्यंत शिकवलं. दुकानात गेले तरी ते कापडाचा काठ दोन बोटांत धरून पाहत, आणि दुकानदार वैतागत. शहरात मॉल आले, कोचिंग क्लास आले, मिलच्या जमिनींवर गवत वाढलं. अशी जवळजवळ वीस वर्षं गेली.

दुसरी नोकरी दिली ती प्रतापरावांच्या मुलानं. देवेंद्र बुळे हा हुशार माणूस, म्हणजे ज्या अर्थानं आजकाल हुशार म्हणतात त्या अर्थानं. प्राध्यापकांना बढतीसाठी छापील शोधनिबंधांचे गुण मिळणार असा नवा नियम आला, आणि देवेंद्रनं भंवरकुआ भागात झेरॉक्सच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत जर्नलं काढायला घेतली. एक नाही, अकरा. सगळ्यांची नावं 'इंटरनॅशनल'नं सुरू व्हायची. त्यांत छापलेलं कुणालाही इंटरनेटवर फुकट वाचता येई. पैसे भरायचे ते लिहिणाऱ्यानं. त्याला इंग्रजी शुद्ध करणारा माणूस हवा होता. वडिलांच्या खात्यातले शितूत काका त्याला आठवले.

शितूतांना ती कल्पना फार आवडली, हे सांगितलं पाहिजे. त्यांच्या तरुणपणी एक परदेशी जर्नल बघायचं तर विद्यापीठाच्या ग्रंथालयात ओळख काढावी लागे. आता देपालपूरच्या शेतकऱ्याचं पोरगंही सायबर कॅफेत बसून जगातलं संशोधन वाचेल, पै न देता! घरी येऊन ते सरलाबाईंना म्हणाले, "पुण्याचं काम आहे ग हे." कल्पना खरोखरच चांगली होती. चांगली कल्पना कुणाच्या हाती लागते, यावर सगळं असतं.

दोन महिन्यांत त्यांना कळायचं ते कळलं. निबंध सोमवारी आला की शुक्रवारी 'स्वीकृत' असं पत्र जाई. नियमाप्रमाणे प्रत्येक निबंध त्या विषयातल्या दोन जाणकारांनी तपासायला हवा. त्यांची नावं लेखकाला कळवायची नसतात. देवेंद्रकडे ते जाणकारच नव्हते. संपादक मंडळावर चाळीस नावं होती, पण त्यांतल्या निम्म्यांना आपण मंडळावर आहोत याचा पत्ता नव्हता. नागपूरचे एक प्राध्यापक तर दोन वर्षांपूर्वी वारले होते; मंडळावर मात्र अजून कार्यरत होते.

"काका, हे रिव्ह्यूचे फॉर्म पण तुम्हीच भरत जा," देवेंद्र एक दिवस म्हणाला. "दोन्हीत थोडा फर्क ठेवायचा बस. एकात गुड, एकात व्हेरी गुड."

"अहो देवेंद्रजी, पण तपासल्याशिवाय..." नोकरी लागल्यापासून शितूत त्याला अहोजाहो करू लागले होते; लहानपणी याच पोराला त्यांनी मिलच्या क्रिकेट सामन्यांना खांद्यावर बसवून नेलं होतं.

"मग तपासा ना! तुम्ही तर तपासनीसच. कौन रोक रहा है?"

शितूतांनी ते शब्दशः घेतलं. ते निबंध वाचायला लागले. बेरजा चुकलेल्या, तक्ते उचललेले, एकच परिच्छेद दोनदा छापलेला. त्यांनी फॉर्मवर नीट, नम्र इंग्रजीत दोष लिहिले आणि लेखकांना पाठवले. आठवड्याभरात फोन सुरू झाले. पैसे भरलेली माणसं चिडली. देवेंद्रनं त्यांना समोर बसवून घेतलं, आवाज न चढवता.

"काका, आपण छापणारे. जिनको जाँचना है वो जाँचें. तुम्हाला त्रास होत असेल तर वाचू नका. नुसतं भरा."

इथे शितूतांनी उठून यायला हवं होतं. नाही आले. सरलाबाईंचे गुडघे, मंजुषाची सरकारी कॉलेजातली 'अतिथी विद्वान' म्हणून तासांवर मिळणारी कमाई, ती कारणं खरीच होती. पण आणखीही एक होतं: वीस वर्षांनी त्यांना टेबल मिळालं होतं, खुर्ची मिळाली होती, आणि लोक पुन्हा विचारत होते, काय शितूत, ऑफिसला? तेव्हा ते नुसतं भरू लागले. गुड. व्हेरी गुड. वर्षभरात असे शेकडो फॉर्म भरले. घरी त्यांनी यातलं अवाक्षर काढलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं त्यांना वाटत असावं.

मंजुषा तिशीची. तिनं तीन वर्षं एक काम चालवलं होतं: बंद पडलेल्या मिलांच्या आसपासच्या एकेचाळीस बोअरवेलच्या पाण्याची तपासणी. रंगखात्याचं पाणी मिलांनी जमिनीत मुरवलं, मिल गेल्या, पाण्यात काय उरलं? स्कूटीला बाटल्यांची पिशवी अडकवून ती वस्त्यावस्त्यांतून हिंडली. लोकांनी तिला महापालिकेची समजून शिव्या दिल्या, काहींनी चहा पाजला. निबंध तयार झाला तेव्हा तिच्या मार्गदर्शक बाईंनी सांगितलं, कलकत्त्याच्या रसायनशास्त्र सोसायटीच्या जर्नलला पाठव. तिथे नीट तपासतात. वर्ष-दीड वर्ष लागेल.

तेवढ्यात जाहिरात आली. शहरातल्या एका ट्रस्टच्या कॉलेजात कायमची जागा, रसायनशास्त्राची, एकच. अट अशी की निबंध छापून आलेला हवा. हातात पाच महिने होते. अशी जागा पुन्हा निघायला किती वर्षं जातील सांगता येत नव्हतं, आणि मंजुषाला वयाची मर्यादा जवळ आलेली दिसत होती.

"माझ्याकडे दे," शितूत म्हणाले.

मंजुषानं त्यांच्याकडे पाहिलं. "बाबा, तुमचं जर्नल कसं आहे? खरं सांगा हं."

सांगायची वेळ हीच होती. शितूतांनी पानावरची भाजी उगीच इकडची तिकडे केली. मग म्हणाले, "मी आहे ना तिथे. तुझा पेपर कसा तपासला जातो ते मी बघतो."

यात त्यांनी मुलीला फसवलं असं कुणी म्हणू नये. त्यांचा खरंच तसा विश्वास होता. आपण स्वतः डोळ्यांखालून घातलेलं थान चोख असतं, आणि चोख थान बाजारात ओळखलं जातं, हे त्यांनी मिलमध्ये वीस वर्षं अनुभवलं होतं. निदान त्यांना तसं वाटत होतं. कानपूरच्या व्यापाऱ्यांनी त्यांचा घात केला म्हणायचा.

त्यांनी आधी आपल्या मनानं दोन मोठ्या प्राध्यापकांना ईमेलनं पत्रं धाडली, निबंध तपासून द्याल का म्हणून. जर्नलचं नाव वाचून एकानं उत्तरच दिलं नाही. दुसऱ्यानं दिलं, ते शितूतांनी लगेच पुसून टाकलं. मग ते स्वतः बसले. मंजुषाचा निबंध त्यांनी अकरा वेळा वाचला. जुनी पुस्तकं काढली, हाती आकडेमोड केली. पहिल्या परीक्षकाच्या नावानं सौम्य लिहिलं. दुसऱ्याच्या नावानं मात्र त्यांनी काही सोडलं नाही: नऊ बोअरवेलचे मे आणि जूनचे आकडे इतके सारखे कसे? जूनच्या बाटल्या किती दिवस पडून होत्या? हे नमुने पुन्हा घ्यावेत, त्याशिवाय निष्कर्ष ग्राह्य नाही.

ते पत्र वाचून मंजुषा आधी रडली. मग म्हणाली, "बरोबर आहे. बाटल्या पाच दिवस राहिल्या होत्या. लाइट गेली होती लॅबची." आणि भर उन्हात ती पुन्हा नऊ ठिकाणी गेली. आकडे बदलले. एक निष्कर्ष चक्क उलटा झाला. निबंध खरोखर सुधारला.

"बाबा, कोण असेल हो हा दुसरा?" ती विचारायची. "एकेक ओळ वाचलीय त्यानं. तळटीपसुद्धा. मॅडमनीपण एवढं वाचलं नव्हतं."

"नाव गुप्त असतं ग."

"कोणी म्हातारे प्रोफेसर असणार. बंगाली वगैरे. आजकाल कोण वाचतं एवढं?" तिनं ते पत्र छापून घेतलं आणि सर्टिफिकेटांच्या फायलीत, पदवीच्या कागदामागे, जपून ठेवलं. शितूत त्या दिवसांत इतके आनंदात होते की सरलाबाईंना काळजी वाटली. ते सराफ्यात स्वतः जाऊन मावाबाटीची मिठाई घेऊन आले, काही कारण नसताना.

निबंध छापून आला. मुलाखत झाली एका गुरुवारी, आणि मंजुषा दुपारी तीनलाच घरी परतली. चपला काढून ती सरळ आतल्या पलंगावर बसली. शितूत त्या दिवशी रजा काढून घरीच होते.

"बाहेरचे एक्स्पर्ट होते," ती म्हणाली. "म्हातारे, साधे. वाईट नव्हते हो. त्यांनी फाइल उघडली, जर्नलचं नाव वाचलं आणि मिटली. आत बघितलंच नाही. मी म्हटलं, सर, एक बार डेटा देख लीजिए. तर म्हणाले, बेटा, इसी अंक में पेज बाईस पर एक पेपर है, उसमें पानी डेढ़ सौ डिग्री पर जम रहा है. आपने देखा? आपका काम अच्छा होता तो आप यहाँ क्यों छपवातीं?"

पान बावीस. शितूतांना ते आठवलं. त्या निबंधाचे दोन्ही फॉर्म त्यांनीच भरले होते. एकात गुड, एकात व्हेरी गुड. जेवणाच्या सुट्टीआधी, पाच मिनिटांत.

"बाकीचे हसले," मंजुषा म्हणाली. "बस, हो गया."

सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात. इथे जळलं ते एकच ओलं होतं, आणि काडी बापाच्या हातची होती. शितूतांना त्या दिवशी जेवण गेलं नाही. मिलच्या काळातलं एक साधं गणित त्यांना चाळीस वर्षांनी सुटत होतं. व्यापारी थान घेताना आधी मिलचं नाव बघत असणार. मिलचं नाव चांगलं होतं, म्हणून सतरा नंबरला किंमत होती. नंबरामुळे मिल नव्हती. इतक्या वर्षांत हे एकदाही कसं लक्षात आलं नाही याची त्यांना स्वतःचीच चीड आली.

दुसऱ्या दिवशी ते देवेंद्रपुढे उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. "मंजुषाचा पेपर काढून घ्या. वेबसाइटवरून, सगळीकडून. तिला तो कलकत्त्याला पाठवायचाय. छापलेला आहे तोवर ते हात लावणार नाहीत."

"काका, छापलेलं परत नाही घेता येत. सगळ्या जगाला खुलं आहे ते आता. एक काढला तर कल दस लोग आएंगे." देवेंद्र खरोखरच हळहळत होता; तो काही राक्षस नव्हता. "आणि काढायचं तर कारण लिहावं लागतं. काय लिहू? नीट तपासला नाही म्हणून?"

"हो. तसंच लिहा. मी सही करतो."

"पण तो तर तपासलाय ना, काका. आपल्याकडचा एकच पेपर जो ढंग से तपासलाय. आणि तुम्ही सही केली, तर पहिला सवाल हा येणार की तपासला कोणी. मग काय सांगाल? बापानं? तिचं नाव आत्ता फक्त खराब जर्नलमधे आहे. मग चोरीत येईल."

शितूतांनी ड्रॉवरमधला चष्म्याचा डबा घेतला, दोन पेनं घेतली, आणि जिना उतरले. राजीनामा लिहायचंही त्यांना सुचलं नाही. पुढे महिनाअखेरीला देवेंद्रनं पगार पोचवला तो सरलाबाईंनी घेतला.

मुलाखतीनंतरच्या रविवारी सकाळी मंजुषा न्हाऊन, केस पुसत बाहेर आली. तीन दिवसांनी प्रथमच तिच्या चेहऱ्यावर जरा धुगधुगी होती. हातात ती फाइल.

"बाबा, मी विचार केला. जर्नल खराब असेल, मान्य. तुम्हाला पण माहीत नव्हतं, तुम्ही तरी काय करणार." हे ऐकून शितूतांनी मान खाली घातली. "पण हा दुसरा रिव्ह्यूअर तर खरा आहे ना? एवढा मोठा माणूस चुकून सापडला असेल त्यांना. तुम्ही ऑफिसातून फक्त त्याचं नाव काढा. मी त्यांना भेटायला जाईन, जिथे असतील तिथे. त्यांनी दोन ओळी लिहून दिल्या की हे काम मी बघितलंय, खरं आहे, तर मॅडम म्हणतात त्या एक्स्पर्ट सरांशी बोलतील. वो सुन लेंगे."

सरलाबाई भाजी निवडायच्या थांबल्या. त्यांना काही ठाऊक नव्हतं, पण नवऱ्याच्या चेहऱ्याकडे त्यांचं लक्ष गेलं.

"ऑफिस मी सोडलं," शितूत म्हणाले.

"सोडलं? बरं केलं. पण नाव तर कळेल ना? कोणाला तरी विचारा."

शितूतांनी उठून खिडकी उघडली, पुन्हा लावली.

"ते पत्र मी लिहिलं होतं, मंजू."

तिला आधी कळलंच नाही. "म्हणजे टाइप तुम्ही केलं?"

"नाही. लिहिलं मी. कुणी नव्हतंच तिथे. पहिलंही मी आणि दुसरंही मी."

"दोन्ही?"

"दोन्ही."

मंजुषा फाइल मांडीवर घेऊन बसून राहिली. रागावली असती, ओरडली असती, तर शितूतांना बरं वाटलं असतं. तिनं ते पत्र काढलं, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं. आता तिला त्या इंग्रजीत बापाचं इंग्रजी दिसत असणार.

"मला वाटलं होतं, कुणीतरी वाचलं," ती म्हणाली.

"मी वाचलं ग. अकरा वेळा वाचलं. देवाशपथ."

"तुम्ही नाही हो, बाबा," मंजुषा म्हणाली. "कुणीतरी."